उम्म हातिमचा पेला

उम्म हातिमने पेला उचलला, कहव्याचा वास घेतला आणि एक थेंबही न पिता तो समोर चटईवर ठेवून दिला.

बैठकीतली कुजबुज थांबली. आमच्या मीनू बेटावर याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. पाहुण्याने कहवा, आमची कडू काळी कॉफी, खाली ठेवला म्हणजे तो काहीतरी मागायला आलाय, आणि घरच्या कर्त्याने "प्या, तुमचं काम झालं" म्हटल्याशिवाय तो पेल्याला ओठ लावणार नाही. कर्ता नाहीच म्हणाला आणि पाहुणा तसाच उठून गेला, तर त्या घराच्या अब्रूची लक्तरं नदीच्या दोन्ही काठांवर वाळत पडतात.

घोटाळा एवढाच झाला होता की शेजारी बसलेल्या तिच्या मुलाने, हातिमने, आपला पेला आधीच गटकन पिऊन टाकला होता. आईने त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्या चाळिशीतल्या माणसाने रिकामा पेला मांडीखाली लपवला.

घरच्या कर्त्याने, हाजी मिझालने, हसू मिशीत दाबलं. "लेकाचं काम झालेलं दिसतंय. आता तुमचंच राहिलं, उम्म हातिम."

"बापावर गेलाय, हाजी. आधी गिळतो, मग विचार करतो."

बाईला जीभ आहे, हे हाजीला आवडलं आणि आवडल्याचा रागही आला. ती समोरच्या काठावरची, बसऱ्याकडच्या अबुल खसीब गावची. आमच्या घाटावर उभं राहिलं तर तिच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे दिसतात. पण मध्ये दोन देशांची सीमा, म्हणून आज सकाळपासून गाडीने बसऱ्याला वळसा घालून, शलमचेच्या सीमानाक्यावर उन्हात उभी राहून ती इथे आली होती. तिला बोलावलं होतं अकीलने, हाजीच्या पुतण्याने, आणि तेही हाजीला न विचारता. दारात आलेल्या बाईला परत पाठवणं हाजीच्या रक्तात नव्हतं. अकीलने नेमकं तेच हेरलं होतं.

"बोला," हाजी म्हणाला.

"माझी बाग उभी आहे, पण माल धुवायला, निवडायला, थंड ठेवायला जागा नाही. माझी खजूर पोत्यात भरून आखातापलीकडे जाते. तिथे ती धुतात, चकचकीत खोक्यात घालतात आणि स्वतःच्या नावाने विकतात. परवा बसऱ्याच्या बाजारात एका पोराने माझीच खजूर परदेशी म्हणून माझ्याच हातात ठेवली."

"घेतलीत?"

"घेतली. वर घासाघीसही केली."

अकील मोठ्याने हसला आणि काकाचा चेहरा पाहून गप्प झाला.

"तुमच्या अकीलकडे धुण्याचं यंत्र आहे, थंड खोली आहे," ती पुढे म्हणाली, "आणि धुवायला पुरेशी खजूर नाही. माझा माल, त्याची शेड. खोक्यावर दोन्ही काठांची नावं. विकू आपण. आपली खजूर आहे, तिच्यावर दुसऱ्या कुणी का मिरवावं?"

कहव्याची किटली हातात धरून उभा असलेला अब्बूद, हाजीचा थोरला मुलगा, नाकाने हसला. पाहुण्यांना कहवा ओतायचा मान त्याचा. तो ओतायचाही झोकात, पेल्याच्या तळाशी दोन घोट, एक थेंब जास्त नाही. आमच्यात पेला काठोकाठ भरणं म्हणजे तोंडावर सांगणं, की हा पिऊन उठा आणि निघा. बेटावर अशा एका भरल्या पेल्यावरून दोन कुळं वर्षानुवर्षं एकमेकांच्या लग्नाला गेली नव्हती.

"यंत्राला झोपायची सवय लागलीय, उम्म हातिम," अब्बूद म्हणाला. "उठवू नका त्याला."

"पिकाच्या दिवसांत चालतं, बाकी वर्षभर मी त्याच्यावरची धूळ पुसतो," अकील म्हणाला. "तू म्हणतोस तेच खरं. म्हणून सांगतो काका, मी नौरोजला नवं वर्ष लागेपर्यंत थांबणार. तोवर काही जमलं नाही तर शेडला कुलूप. सासरे इस्फहानला त्यांच्या फरश्यांच्या कारखान्यात जागा देतायत. मी जाईन. आईला घेऊन जाईन. मग जासिबच्या बागेला पाणी कोण देणार ते तुम्ही ठरवा."

जासिबचं नाव निघालं आणि हाजीच्या हातातली जपमाळ थांबली. जासिब त्याचा धाकटा भाऊ, अकीलचा बाप. दोन्ही काठांमधल्या युद्धाच्या दुसऱ्या वसंतात तो खजुरीवर चढला होता, मादीच्या फुलोऱ्यात नराचा तुरा बांधायला. तोफेचा गोळा समोरच्या काठावरून आला. खजुरीचा शेंडा गेला, जासिब गेला. तेव्हापासून हाजीने त्या काठाकडे तोंड करून जेवायचंही सोडलं होतं. युद्ध संपलं, पुढे सीमाही उघडली, अख्खं बेट पलीकडे करबलाच्या यात्रेला जाऊन आलं. अकीलने काकाचाही पासपोर्ट काढला. तो कुठल्याशा पेटीत चादरींखाली पडून होता. "इमामांना माझं इथूनही ऐकू येतं," हाजी म्हणायचा.

"ज्या काठाने तुझ्या बापाला खाल्लं," अब्बूदने अकीलला सुनावलं, "त्याच काठाची खजूर तू धुणार? त्याच्याच बागेत?"

"बाप माझा होता, अब्बूद. त्याच्या नावाने तू मिशीला पीळ देऊ नकोस."

"मग तुम्हीच बसा व्यापार करत!" अब्बूदने किटली निखाऱ्यांजवळ आदळली आणि तो बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिला.

उम्म हातिम हलली नव्हती. "माझ्याही खजुरी गेल्या, हाजी," ती शांतपणे म्हणाली. "तुमच्या गोळ्यांनी थोड्या, बाकीच्या आमच्याच फौजेने तोडल्या. त्यांना म्हणे तुमचा काठ नीट दिसत नव्हता. माझा नवरा ती तोड बघून खाटेवर पडला तो उठला नाही. मी त्याचा हिशोब कुणाकडे मागू?"

हाजीने विषय खजुरीवर नेला. "आमचा माल आणि तुमचा माल एका खोक्यात बसणार नाही," तो म्हणाला. "आमची सायर जातीची खजूर अंगठ्याएवढी असते."

"असायची," उम्म हातिम म्हणाली. आपण आणलेली झावळ्यांची टोपली तिने पुढे सरकवली. "माझी चाखून बघा."

"मला गोड चालत नाही," हाजी म्हणाला. सकाळीच त्याने तीन खाल्ल्या होत्या.

पडद्याआड, स्वयंपाकघरात, वबरिया हे सगळं ऐकत होती. वबरिया म्हणजे जासिबची विधवा, अकीलची आई, म्हणून चारचौघांत उम्म अकील; आमच्यात थोरल्या मुलाच्या नावाने आईला उम्म आणि बापाला अबू म्हणतात. नवरा गेल्यापासून घरातला कुठलाही निर्णय होताना ती बैठकीत बसली नव्हती. कुणी अडवलं नव्हतं. एकदा बसली नाही, मग तीच रीत पडली. हाजीने तिला आणि तिच्या पोराला कशाला कमी पडू दिलं नाही, आणि तिने कधी काही मागितलं नाही. आपण कधी काही मागितलं नाही, याचा तिला अभिमान होता.

पाहुणे आले तेव्हा बैठकीत मांडण्याआधी टोपली तिच्या हातात आली होती. रीत म्हणून तिने एक खजूर तोंडात टाकली होती. मग दुसरी घेतली, ती खाल्ली नाही, उजेडात धरून नुसती पाहत राहिली. लांब, जाड, देठाशी फिकट. तेव्हापासून ती चुलीसमोर बसून होती आणि मासा करपत आल्याचंही तिला कळलं नव्हतं.

"आई, मासा!" माहरुखने धावत येऊन तवा उतरवला. "बरं वाटत नाहीये का?"

"बरं वाटतंय," वबरिया म्हणाली. "फार बरं वाटतंय, पोरी."

माहरुख, अकीलची बायको, फारसी बोलणाऱ्या इस्फहानची. लग्न होऊन दुसरं वर्ष चाललं होतं, तिची अरबी अजून पुस्तकी होती आणि बेटावरच्या बायका तिला बोलतं करून हसायच्या. कारखान्यातली ती जागा तिच्याच वडिलांनी काढली होती. खरं सांगायचं तर पहिल्या उन्हाळ्यात, नळाला खारं पाणी आलं तेव्हा, तिनेच रडून वडिलांना फोन केला होता. घरात सगळ्यांना ते माहीत होतं. पण हिवाळ्यात तिने अकीलला शेडमध्ये पाहिलं होतं. बंद यंत्राशी तो एकटाच बोलत होता, आजारी बैलाशी बोलावं तसं. या माणसाला इथून उपटलं तर तो तिकडे रुजणार नाही, हे तिला त्या दिवशी कळलं, आणि तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं.

तिने पडदा किंचित सरकवला. पाहुण्या बाईसमोरचा कहवा पार थंड होऊन गेला होता. किटलीपाशी कुणी नाही. तिला भयंकर शरम वाटली. एवढ्या लांबून आलेल्या बाईला या घरात कुणी गरम कहवाही विचारू नये? आणि तो अब्बूद ओततो तरी केवढासा! तिच्या माहेरी पाहुण्याला असा तळ झाकण्यापुरता चहा दिला असता तर आजीने हात मोडला असता.

ती आत गेली. तिने वाकून थंड पेला उचलला, राखेत ओतला, किटलीतला वाफाळता कहवा त्यात काठोकाठ भरला, आणि एक थेंबही सांडू न देता, फार जपून, दोन्ही हातांनी तो उम्म हातिमसमोर ठेवला.

"घ्यावे," ती तिच्या पुस्तकी अरबीत म्हणाली. "आपण दमलेल्या आहात."

हातिमच्या घशातून काहीतरी आवाज आला. अकीलने डोळे मिटले. मागणी मांडलेला पेला पाहुण्यासमोरून उचलला, आणि वर निघायला सांगणारा भरला पेला ठेवला! आमच्या घराच्या इतिहासात एवढा अपमान कुणी शत्रूचाही केला नव्हता.

उम्म हातिमने डोक्यावरची ओढणी सावरली आणि ती उठून उभी राहिली. "हाजी, नाही म्हणायचं होतं तर तुमच्या तोंडाने म्हणायचं. सुनेच्या हाताने कशाला?"

"मुद्दाम केलं!" अब्बूद दारातून ओरडला. "हिला इस्फहानला पळायचंय, म्हणून!"

आपल्या हातून काय झालंय हे माहरुखला अजून कळलं नव्हतं, पण काय म्हटलं जातंय ते कळलं. ती रडू लागली. अकील उठला, पण पाहुणीकडे जावं की बायकोकडे, हेच त्याला सुचेना. आणि हाजी मिझाल, जो आयुष्यभर शब्दाला शब्द देत आला होता, तो मान खाली घालून बसला. नाही म्हणायची सगळी कारणं त्याच्यापाशी होती. पण नाही अशा तऱ्हेने घडावं, हे त्याला मरणाहून वाईट होतं.

पडदा सरकला. वबरिया बैठकीत आली.

ती कुणाशी बोलली नाही. वाकली, भरलेला पेला उचलला आणि उभ्याउभ्या, एका दमात, तो चटके देणारा कडू कहवा पिऊन टाकला. डोळ्यांत पाणी आलं ते तिने पुसलं नाही. मग पेला उलटा करून सगळ्यांना दाखवला.

"हा पेला माझ्या सुनेने भरला. म्हणजे माझा," ती म्हणाली. "मी प्यायले, संपला. पोरगी इस्फहानची आहे, तिच्याकडे भरलेलं भांडं म्हणजे माया. आपण कुणी तिला शिकवलं नाही. चूक झाली असेल तर ती शिकवणाऱ्यांची. अब्बूद, तू काय म्हणालास मघाशी?"

अब्बूदने चपलांकडे पाहिलं. "काही नाही, काकू."

"मग ये. तुझ्याइतका झोकात कुणी ओतत नाही. दोन पेले. तळाशी."

अब्बूद आला. त्याने किटली उचलली आणि दोन पेले ओतले. पहिला पेला त्याने उम्म हातिमसमोर धरला आणि स्वतः मान वाकवली. "बसा, मावशी. या घरातून कुणी असं उठून गेलेलं नाही. माझ्यासाठी बसा."

उम्म हातिमने माहरुखकडे एकवार पाहिलं, रडणाऱ्या त्या पोरीच्या गालावर हात ठेवला आणि ती बसली. पेला तिने पुन्हा होता तिथेच ठेवला.

दुसरा पेला वबरियाने घेतला. सगळ्यांना वाटलं ती आत जाईल. ती गेली नाही. ती पाहुण्यांच्या बाजूला, उम्म हातिमच्या मांडीला मांडी लावून बसली, आणि तिनेही आपला पेला न पिता चटईवर ठेवला.

हाजीने वर पाहिलं. "उम्म अकील, हे काय? हे तुझं घर आहे. घरचं माणूस पेला ठेवत नाही."

"घरचं माणूस म्हणून गप्प बसून पाहिलं, अबू अब्बूद. आज पाहुणी म्हणून मागते."

"काय मागतेस?"

"ती मागते तेच."

"तुला माहितीय तो काठ—"

"मला सांगता?" वबरियाचा आवाज चढला नाही, पण हाजी थांबला. "झाडाखाली मी उभी होते. तुरे वर द्यायला."

तिने टोपलीतून एक खजूर काढली, दातांनी तोडून अर्धी स्वतः खाल्ली आणि अर्धी त्याच्यापुढे धरली. "खा. गोड चालत नाही म्हणू नका, सकाळी परडी मीच भरली होती."

हाजीने घेतली. आधी चिडून चावली. मग हळू चावली. मग तो चावायचाच थांबला आणि टोपलीतली दुसरी खजूर उचलून देठाशी बघू लागला. खजुरीचा माणूस आहे तो. नर बदलला की फळ बदलतं हे त्याला कुणी सांगायला नको होतं. युद्धात आमच्या बागेतला जुना नर जळाला, त्यानंतर बाजारातले तुरे बांधून आमची सायर बारीक झाली होती. दोष मात्र तो वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्याला देत आला होता.

"हा आपला नर आहे," तो म्हणाला. "हा आपला... हा तुमच्याकडे कसा?"

उम्म हातिमने वबरियाकडे पाहिलं. वबरिया म्हणाली, "तुम्ही सांगा."

"युद्धाच्या आधीच्या वर्षी जासिब होडीतून त्याचं पिल्लू, बुंध्याशी फुटलेलं रोप, घेऊन आला होता," उम्म हातिम म्हणाली. "माझ्या नवऱ्याशी त्याची पैज लागली होती, तुमच्या मातीत हा जगणार नाही म्हणून. दोघांनी मिळून घरामागे लावलं. फौजेने पुढची बाग तोडली, मागे काही गेली नाही. जासिब पैज हरला, हाजी. पुढे मी उरलेल्या बागेला त्याच एका नराचे तुरे बांधत आले."

"आणि आल्या आल्या हे सांगितलं नाहीत? एवढ्या एका गोष्टीवर मी—"

"म्हणूनच नाही सांगितलं." तिने मान ताठ केली. "मी व्यापाराला आलेय. मेलेल्या माणसाचं नाव पुढे करून होकार घ्यायला मी काही भिकेला लागले नाही. चाखून बघा म्हटलं. खजूर बोलली असती. तुम्हीच चाखली नाहीत."

हाजी हसला, मोठ्याने, जपमाळ मांडीवर टाकून. अशी ताठ माणसं या नदीवरच पिकतात, हा त्याचा जुना सिद्धांत होता. तो समोरच्या काठालाही लागू आहे, हे त्याला आज मान्य करावं लागलं, आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. उलट छाती भरून आली.

"अजून उभा आहे तो?"

"उभा? गच्चीच्या वर गेलाय. फुलोऱ्याची पोय फुगलीय. दोन दिवसांत तडकेल."

"बाबा," अब्बूद हळूच म्हणाला, "बोला आता. दोन पेले थंड होतायत."

"तूही तिकडे?"

"मी पाहुण्यांच्या बाजूला, बाबा. तुम्हीच शिकवलंत."

हाजी मिझालने गुडघ्यांवर हात ठेवले आणि त्याच्या बापाने, आजाने याच बैठकीत ज्या आवाजात म्हटलं असेल त्याच आवाजात तो म्हणाला, "प्या, उम्म हातिम. प्या, उम्म अकील. तुमचं काम झालं."

दोघी एकमेकींना "तुम्ही आधी" म्हणू लागल्या आणि शेवटी एकदमच प्यायल्या. हातिमने मांडीखालचा पेला बाहेर काढला आणि अब्बूदपुढे धरला. खोक्यावर कुणाच्या काठाचं नाव आधी, यावर लगेच वादही सुरू झाला. हाजी म्हणे तुमचं, उम्म हातिम म्हणे तुमचं, आणि मघापर्यंत एका खोक्यात न मावणारे लोक आता एकमेकांना वर चढवायला भांडत होते. अकीलचं तिकडे लक्ष नव्हतं. तो माहरुखचे डोळे पुसत होता, चारचौघांत, आणि कुणीही त्याला हटकलं नाही.

"सूनबाई," हाजीने हाक मारली. "इकडे ये. माझा पेला राहिलाय."

माहरुखने भीत भीत किटली घेतली. तळाशी, अगदी दोन घोट ओतले.

"अजून."

तिने थोडा ओतला.

"अजून. तुझ्या माहेरी देतात तसा."

तिने अकीलकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. वबरियाने मान हलवली. माहरुखने पेला काठोकाठ भरला. अब्बूदच्या तोंडून "बाबा!" निघालं तेवढंच. हाजीने तो पेला बैठकीत सगळ्यांना दिसेल असा धरला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

"आता सांग पोरी, आज शिकलीस ना? भरलेला पेला मिळाला की माणसाने काय करायचं असतं?"

"उठून जायचं असतं, काका," माहरुख पुटपुटली.

"जायचं असतं," हाजी मिझाल म्हणाला आणि गुडघ्यांवर हात रेटून उभा राहिला. "अकील, माझा पासपोर्ट कुठल्या पेटीत ठेवलायस?"